भिंतीबाई, थोड्या लपून राहा

श्रीमती भिंतीबाई,
मुक्काम मुंबई, चॅपेल रोडपासून ससून डॉकपर्यंत जिथे असाल तिथे,
यांस सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी आमची टोळी तुमच्याकडे येऊन गेली आणि निघताना तुमचा नीट निरोप घेता आला नाही. धाकटीच्या चपलेचा अंगठा तुटला होता, भाच्याला भूक आवरत नव्हती, आणि ज्या घराच्या बाहेरच्या अंगाला तुम्ही ते निळं मांजर घेऊन बसला आहात, त्या घरातल्या आजी दारातून सारख्या म्हणत होत्या, "उन्हात काय उभे राहता, पाणी तरी प्या." पाणी प्यायलो, चपलेला सुतळी बांधली आणि स्टेशन गाठलं. राहिलेलं बोलणं आता पत्रातून.

इकडील सर्व क्षेम. थोरली कॉलेजात जाते, त्यामुळे यायचं की नाही हे तिच्या मर्जीवर असतं. धाकटी चौथीत, भाचा सहावीत. तळमजल्यावरची दोन भावंडंही हक्कानं बरोबर असतात. त्यांची आई चिवड्याचा डबा देते आणि डबा परत आणायची आठवण आदल्या रात्रीपासून करून देते. सुट्टीच्या सकाळी, ऊन चढायच्या आत आम्ही चित्रं शोधायला बाहेर पडतो हे तुम्हांला ठाऊक आहेच. नियम मुलांनीच ठरवले आहेत. फोनवर आधी काही बघायचं नाही. ज्याला चित्र पहिलं दिसेल त्यानं ओरडायचं, पण लगेच इतरांना न दिसलेली एक गोष्ट त्या चित्रात दाखवायची. नाही जमलं तर तो शोध धरायचा नाही. कुणाच्या ओट्यावर चढायचं नाही. दार उघडं असलं तरी आत डोकवायचं नाही. हा शेवटचा नियम थोरलीनं घातला आणि तो ती फार कडकपणे पाळायला लावते.

आधी आभार मानते, कारण तक्रारी पुष्कळ आहेत.

वांद्र्याला पश्चिमेला उतरून हिल रोडनं चालत गेलं की चॅपेल रोडचं वळण येतं. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीनं मागे जावं, इतपतच त्याची रुंदी. जुन्या वांद्र्याच्या चोवीस पाखाड्या होत्या, त्यांतली रनवार इथलीच. लाकडी सज्जे, उतरती कौलं, नाक्यावरचा क्रूस आणि त्याला घातलेला झेंडूचा हार. आणि या सगळ्याच्या मधून कधी कंपाउंड म्हणून, कधी घराची पाठ म्हणून, कधी किराणा दुकानाची कड म्हणून उभ्या असलेल्या तुम्ही. 2012 मध्ये रणजित दहिया यांनी इथे तुमच्या अंगावर 'अनारकली' रंगवला, 1953 चा, बीना राय आणि प्रदीप कुमार यांचा. एवढं सिनेमाचं शहर, पण रस्त्यानं चालताना सिनेमाची खूण कुठे दिसत नाही, हे त्यांना खटकलं आणि त्यातून त्यांचा 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट' उभा राहिला. दहिया हरियाणातल्या सोनिपतकडचे. चित्रकला शिकायला जाण्याआधी ते भिंतींना चुना लावायचं काम करत. हे मुलांना सांगितलं तेव्हा भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे चित्र काढण्याआधी भिंत कशी असते ते त्यांना चांगलंच माहीत असणार." मला हे सुचलं नसतं.

मुलांना बीना राय ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांचा जीव जडला तो पुढच्या एका घरावरच्या मीटरच्या पेटीवर. रंगवणाऱ्यानं ती पेटी टाळली नव्हती; चित्रातल्या बाईचा गाल सरळ पेटीच्या दारावरून पुढे नेला होता. आम्ही बघत उभे असताना मीटर वाचायला माणूस आला. त्यानं दार उघडलं, बाईचा गाल बाजूला झाला आणि आत धुळीनं माखलेले मीटर, तुटकी फ्यूज आणि पालीचं अंडं दिसलं. त्यानं आकडे टिपले, दार लावलं, गाल जागेवर आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो बिचारा इतका चकित झाला की त्यानं दार पुन्हा उघडून, पुन्हा लावून दाखवलं, आणि मग स्वतः दोन पावलं मागे येऊन आमच्या रांगेत उभा राहून त्यानं ते चित्र पाहिलं. महिन्याच्या महिन्याला तो तिथे येत होता.

तेव्हापासून मुलांची नजरच बदलली आहे. शाळेच्या वाटेवरचा सांडपाण्याचा पाइप, बंद दुकानाचं शटर, कोपऱ्यावरच्या टाइल्स, ज्यांच्यावर शंकर, साईबाबा, क्रूस आणि मक्का एका ओळीत बसवलेले असतात आणि ज्यांच्यामुळे लोक तिथे थुंकत नाहीत, हे सगळं आता त्यांना दिसतं. शाळेत चित्रकलेच्या तासाला हे शिकवता येत नाही. तुम्ही शिकवलंत. त्याबद्दल आभार.

छोट्या कामांबद्दलही आभार मानायचे आहेत. तुमच्या अंगावर टायलर या नावानं साच्यातली चित्रं उमटवून जाणारा एक चित्रकार आहे, जो स्वतःचा चेहरा दाखवत नाही. मुलांना ही गोष्ट सांगितल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना. घरी साचे करायचं ठरलं. पुठ्ठा रंगानं भिजून वाकतो, म्हणून आजीच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे काढला. तो कापायला सोपा, पुसला की पुन्हा वापरता येतो. धाकटीनं स्वतःच्या नावातला 'ब' कापला आणि पोटातला तुकडा टपकन खाली पडला. राहिलं नुसतं भोक. मग तिचं तिलाच उमगलं की पोटातला तुकडा धरून ठेवायला मध्ये एखादी बारीक पट्टी सोडावी लागते. दुसऱ्या दिवशी लोकलच्या खिडकीतून ती ओरडली, "आई, पट्ट्या!" रुळांकडेच्या खांबांवरच्या आकड्यांत, मालगाडीच्या डब्यावरच्या अक्षरांत, विजेच्या पेटीवरच्या 'धोका'मध्ये तिला सगळीकडे त्या सोडलेल्या पट्ट्या दिसायला लागल्या. समोरच्या बाकावरच्या काकूही वाकून बघायला लागल्या.

याच टायलरवरून घरात वादही झाला. परवानगीशिवाय भिंत रंगवणं म्हणजे विद्रूप करणं, आणि महाराष्ट्रात त्यासाठी 1995 चा कायदा आहे, हे मी मुलांपासून लपवलं नाही. तळमजल्यावरच्या थोरल्याचं म्हणणं, चोरून काढलेलं चित्र चांगलं असलं तरी चोरूनच. भाचा म्हणाला, कुणाचं घर असेल तर विचारायलाच पाहिजे, पण उड्डाणपुलाच्या खांबाला कुणाला विचारणार? जेवण निवलं तरी वाद मिटला नाही. मला तो मिटवावासाही वाटला नाही. शहर कुणाचं, हे दहा-बारा वर्षांची मुलं आमटी-भात खाताना भांडून ठरवू बघत होती, आणि त्याला निमित्त तुम्ही होतात.

मोठी चित्रंही आम्ही पाहिली, नाही असं नाही. चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवरचे ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा यांचे रंगीबेरंगी गांधीजी पाहिले. वांद्रे रिक्लेमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवर 2014 मध्ये दहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेले दादासाहेब फाळके पाहिले, शंभर फुटांहून उंच. फाळके कोण हे सांगायला तिथे मला फार सोपं गेलं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस, 1913 मध्ये गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात आपला 'राजा हरिश्चंद्र' लावतो, आणि शंभर वर्षांनी अख्खी इमारत त्याच्या चेहऱ्याला अपुरी पडते. मुलांनी माना मागे टाकून पाहिलं, खूश झाली. पण शोधण्यासारखं तिथे काही नव्हतं. ते चित्र गाडीतून जाणाऱ्यालाही दिसतं. धाकटी म्हणाली, "छान आहे, पण हे आम्हाला सापडलं नाही, यानंच आम्हाला शोधलं." नियमाप्रमाणे तो शोध धरला गेला नाही.

भिंतीबाई, तुमची आणि माझी ओळख आजची नाही. आजोळी नागपंचमीच्या आदल्या दिवशी आजी ओसरीच्या भिंतीला गेरू सारवायची आणि चुन्याच्या बोटानं नाग काढायची. फणा काढताना श्वास रोखून धरायची आणि आम्हांलाही बोलू द्यायची नाही. मुंबईत परतलं की तुमचं रूप वेगळं. निवडणूक लागली की गल्लीच्या तोंडापासून टोकापर्यंत तुमच्यावर पक्षाचं नाव आणि 'भिंत राखीव' असं आधीच लिहून जायचे. मग रात्री पेंटर यायचा आणि निळीच्या पाण्यासारख्या पातळ रंगात सरळसोट अक्षरं उतरवायचा. पट्टी नाही, पेन्सिल नाही. आम्ही पोरं जिन्यावर बसून तो 'ला विजयी करा'च्या आधीचं 'क्ष' किंवा 'ज्ञ' असलेलं आडनाव कसं पेलतो ते बघायचो. पुढं फ्लेक्स आले. पेंटर काय करतो कुणास ठाऊक, असं वडील बरेच दिवस म्हणत राहिले.

आणि 2009. तुळशी पाइप रोड, कागदावर सेनापती बापट मार्ग. माहीमकडून दादरकडे रेल्वेला खेटून जाणारी तुमची ती लांबलचक काया पालिकेनं लोकांना रंगवायला मोकळी करून दिली होती. कॉलेजची मुलं, कचेरीतली माणसं, कुटुंबंच्या कुटुंबं डबे आणि ब्रश घेऊन आली होती. थोरली तेव्हा बालवाडीत. तिनं जमिनीलगत, तिचा हात पोहोचेल तिथे, एक मासा काढला. नारिंगी, तीन डोळ्यांचा. तिसरा डोळा कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, गाडीकडे बघायला. दोन-तीन पावसाळे तो मासा टिकला. लोकलमधून जाताना तो दिसायचा नाही, कारण तो तुमच्या रस्त्याकडच्या अंगाला होता. त्यासाठी मुद्दाम उतरून चालत जायचो. मग एका वर्षी तिथे वेगळाच रंग होता. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती जवळ गेली, नखानं नव्या रंगाचा एक पोपडा उचलून बघितला, खाली नारिंगी दिसलं. "आत आहे," एवढंच म्हणाली आणि पुढं चालायला लागली. तुमच्यावरची चित्रं मुंबईच्या पावसात टिकत नाहीत, ओल चढते, लोणा धरतो, रंगाला फोड येतात आणि गिलाव्यासकट पापुद्रे सुटतात, हे मला नंतर एका रंगकाम करणाऱ्यानं समजावून सांगितलं. मुलीला ते आधीच समजलं होतं.

आता तक्रारी. रागावू नका, घरच्या माणसालाच बोलतो आपण.

पहिली तक्रार रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची. गेल्या काही वर्षांत सुशोभीकरणाच्या नावाखाली तुम्हांला मैलोन्‌मैल रंगवलं गेलं. पाहुणे यायचे होते, बैठका होत्या, ते समजलं. पण जिथं जावं तिथं तेच गुलाबी पक्षी, प्रार्थनेला उभे केल्यासारखे एकाच दिशेला तोंड करून. शिवडीला आणि ठाण्याच्या खाडीत खरे रोहित येतात. ते चिखलात चोची खुपसतात, भांडतात, एका पायावर झोपतात. तुमच्यावरचे तसं काहीच करत नाहीत. मग पृथ्वी हातात धरलेली मुलं. मग 'पाणी वाचवा'. मग पुन्हा रोहित. मुलं पहिल्या दिवशी ओरडली, दुसऱ्या दिवशी हळू ओरडली, आणि आता त्या रस्त्यानं जाताना ती आपसात क्रिकेटबद्दल बोलत जातात. मोजून पैसे, मोजून फूट, ठरलेली मुदत, अशा कामात रंगाऱ्याला दोष देता येत नाही. त्याला त्या दिवशी अमुक इतके चौरस फूट संपवायचे असतात. पण त्याच्या हातात कसब असतं हो. एका ठिकाणी दुपारच्या सावलीत बसलेल्या एका रंगाऱ्यानं ठरलेल्या पक्ष्यांच्या पायांशी, कुणी बघणार नाही अशा जागी, स्वतःच्या मनानं एक खेकडा काढला होता. नांगी वर, अगदी चिडलेला. तो भाच्याला सापडला. त्या अख्ख्या रस्त्यावर तेवढा एकच शोध धरला गेला.

दुसरी तक्रार मनाला जास्त लागलेली. वारली चित्रं. डहाणू-तलासरीकडच्या घरांत लग्नाचा चौक सवाशिणी काढतात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला कागदावर आणि जगासमोर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रात जाळ्यातल्या माशांचीसुद्धा प्रत्येकाची चाल वेगळी असते. आणि इथं उड्डाणपुलाच्या खांबाखांबावर वारली म्हणून काय आहे? साच्यातली माणसं, सगळी एकाच कोनात वाकलेली. एका खांबापाशी धाकटी थांबली. तारपा नाच होता, हातात हात घालून वळसा घेणारी माणसं. तिनं बोट फिरवत फिरवत वळसा आतपर्यंत नेला आणि म्हणाली, "वाजवणारा कुठाय?" तारपा वाजवणारा काढायचाच राहिला होता. माणसं कशावर नाचत होती कोण जाणे. आदल्या मे महिन्यात तिनं पालघरकडे खरा तारपा ऐकला होता, म्हणून तिला ते दिसलं. भिंतीबाई, ज्यांची ही चित्रं आहेत त्यांना बोलावून, त्यांच्या हातानं, त्यांना पुरेसे पैसे देऊन काढून घ्या असं तुम्ही का नाही म्हणालात? तुम्हांला बोलता येत नाही हे मला कळतं. पण मी कुणाला सांगू?

तिसरी तक्रार गर्दीची. चित्र लोकांना आवडू लागलं की त्याचा पत्ता होतो. पत्ता झाला की रविवारी सकाळी त्याच्यापुढे रांग लागते. माणसं पाठ फिरवून उभी राहतात, फोटो काढतात, जातात. रनवारच्या एका घराच्या पायरीवर बसून कुणीतरी कपडे बदलून फोटो काढत होतं आणि आतले आजोबा पेपर घेऊन बाहेर येऊ बघत होते. ती त्यांची पायरी. तुम्ही आधी त्यांचं घर आहात, चित्र नंतर. आमच्या मुलांना हे समजावं म्हणून मी फार काही बोलत नाही; नमस्कार करायला लावते आणि चित्र तुमच्या घरावर आहे म्हणून बघायला आलो, असं त्यांनीच सांगावं असं बघते. मग गोष्टी कळतात. चित्र काढायच्या आधी कुणी विचारलं होतं, काढणारा कुठल्या खोलीत जेवला, रंगाचा डबा अजून माळ्यावर आहे. निळ्या मांजराच्या आजींनी सांगितलं की मांजर खरंच होतं, त्यांच्याकडे, आणि निळं नव्हतं.

ससून डॉकला हेच वेगळ्या तऱ्हेनं दिसलं होतं. 1875 चा तो धक्का, पहाटेपासून मासळीचा लिलाव, बर्फाच्या लाद्या, पायाखाली खवलं. 2017 च्या अखेरीला तिथल्या जुन्या गोदामांत आणि भिंतींवर मोठं कलाप्रदर्शन भरलं होतं. डॉकमध्ये राबणाऱ्या माणसांचे मोठाले काळे-पांढरे फोटो कागदावर छापून तुमच्यावर चिकटवले होते. धाकटी तेव्हा कडेवर होती आणि वासानं तोंड माझ्या खांद्यात खुपसून बसली होती. कोलंबी सोलत बसलेल्या एका कोळणीनं हातातलं काम न थांबवता हनुवटीनं वर दाखवलं, "ती माझी जाऊ. फोटो काढायच्या दिवशी मी वसईला गेले होते, नाहीतर मीच असते." आणि मग थोरलीकडे बघून, "माझा चेहरा तिच्यापेक्षा बरा आहे की नाही, सांग." थोरलीनं दोघींकडे नीट बघून घेतलं, वर आणि खाली, आणि म्हणाली, "तुमचा हसरा आहे." कोळणीनं मूठभर सोललेली कोलंबी पिशवीत घालून दिली, पैसे घेतले नाहीत. पावसाळ्याच्या आत ते कागद फाटून गेले असतील. ती कोलंबी मात्र आमच्या घरात अजून निघते, बोलण्यात.

तर विनंती अशी आहे.

थोड्या लपून राहा. सगळ्याच जागी दर्शनी होऊ नका. मुलांना जे दाखवलं जातं ते ती पाहतात आणि विसरतात. जे त्यांचं त्यांना सापडतं त्याच्यापाशी ती थांबतात, वाकतात, हात लावतात, प्रश्न विचारतात. आजकाल त्यांना सापडण्यासारखं फार थोडं उरलं आहे. खेळ ठरलेले, क्लास ठरलेले, बागेत घसरगुंडीचा क्रम ठरलेला. तुमच्या गल्ल्यांत अजून काही ठरलेलं नसतं. कोपऱ्यावर वळेपर्यंत काय आहे हे मलाही माहीत नसतं, आणि मुलांना ते फार आवडतं, की आईलाही माहीत नाही. एवढं सांभाळा.

तुमचा खालचा तीन फुटांचा भाग मुलांसाठी सोडायला सांगा. बहुतेक चित्रं मोठ्या माणसाच्या नजरेला सुरू होतात; खाली नुसता एखादा पट्टा ओढलेला असतो, चिखल उडेल म्हणून. आणि जिथं चित्र खालपर्यंत असतं तिथं कुणीतरी गाडी लावून ठेवलेली असते. मुलं बंपरच्या आणि तुमच्या मधल्या फटीतून आडवी होऊन बघतात, शर्ट मळतात, तेही मी चालवून घेते. पण जो भाग त्यांच्या उंचीचा आहे, तो त्यांना मिळावा. कुणी नवं चित्र काढणार असेल तर त्याला हे तेवढं सांगा, की खाली, कोपऱ्यात, एक खेकडा काढून ठेव.

आणखी एक. तुम्हांला पाडतात, हे मी बघते आहे. जुनी घरं जातात, टॉवर येतात, त्यांना काचेची आणि दगडाची तोंडं असतात, तुमच्यासारखं चुन्याचं अंग नसतं. ते तुमच्या हातात नाही आणि माझ्याही नाही. त्या घरांत राहणाऱ्यांना गळकं छप्पर आणि शंभर वर्षांचा जिना नको असेल तर त्यांनी तिथेच राहावं असं सांगण्याचा मला अधिकार नाही. पण पुसायचं किंवा पाडायचं ठरलं, की ज्यांनी ठरवलं त्यांना म्हणावं, मधे एक रविवार ठेवा. एवढाच. मुलं येतील, बघतील, वहीत उतरवून घेतील. चित्र जाणार आहे हे ठाऊक असताना ती किती बारकाईनं बघतात हे मी पाहिलं आहे. परवा माहीमच्या बाजूला एक अर्धवट भिंत लागली, तिच्यावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा, गोळे, आकडे. तळमजल्यावरची धाकटी म्हणाली, कुणीतरी घाण केली. शिडीवरच्या मुलानं खाली उतरून तिला फोन दाखवला: त्या रेघोट्यांचा फोटो, आणि त्याच्यावर फिकट पसरलेलं त्याचं चित्र. कुठल्या गोळ्यापाशी डोळा येतो, कुठल्या आकड्यावरून कान सुरू होतो, ते बघत बघत तो मोठं चित्र उतरवत होता. चौकटी आखून काढायची जुनी रीत असते, तिचाच हा नवा प्रकार. चित्र झाल्यावर रेघा दिसणार नाहीत. भाच्यानं पहिल्यांदा त्या रेघाच वहीत उतरवून घेतल्या. म्हणाला, चित्र सगळ्यांना दिसेल, हे फक्त आपल्याला.

थोरली पुढच्या वर्षी शिकायला दिल्लीला जाईल असं दिसतं. तिथं लोधी कॉलनीत तुमच्या भावंडांची मोठी वस्ती आहे, सरकारी क्वार्टर्सच्या कमानींच्या दोन्ही बाजूंना, एकामागून एक. ती म्हणते तिथं शोधायला काही ठेवलेलं नसेल. मी म्हटलं, बघ तर खरं. कुठेतरी कुणी खेकडा काढलेला असेलच.

घरात सर्वांना नमस्कार. गेरूच्या, चुन्याच्या, विटेच्या, सगळ्या थोरामोठ्यांना साष्टांग. निळ्या मांजराच्या आजींनाही नमस्कार सांगावा. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा, ही विनंती.

आपली,
टोळीबरोबरची बाई

ता. क. : आमच्या सोसायटीनं पंपाच्या खोलीची मागची भिंत मुलांना रंगवायला दिली आहे, बैठकीत ठराव करून, लेखी. ती तुमच्याच कुळातली, पण पाण्याच्या टाकीला चिकटून असल्यामुळे खालून दोन फूट ओल आहे आणि मुलांना नेमकी तीच जागा हवी आहे. गळती काढायला प्लंबर सोमवारी येतो म्हणाला आहे. ओल वाळायला पुढं महिना तरी लागेल, मग खरवडून, लांबी भरून, प्रायमर मारून दिवाळीच्या सुट्टीत रंग. काय काढायचं ते मला सांगायचं नाही असं ठरलं आहे. एक्स-रे आणखी लागणार आहेत. आजीनं दुसऱ्या गुडघ्याचा द्यायचं कबूल केलं आहे.